सकाळचा आकडा

"आजही पळायचं नाही," निकेश सर म्हणाले आणि मोबाइल त्यांनी दीपमालाच्या हातात परत दिला.

पडद्यावर लाल वर्तुळ होतं. त्यात चौदा. खाली एक ओळ : शरीर सावरलेलं नाही, आराम करा.

दीपमालानं मान हलवली. आठ दिवसांपूर्वी ती भांडली असती. परवापर्यंत निदान रडू तरी यायचं. आज काहीच वाटलं नाही. एकोडीच्या त्या मैदानावर बाकीच्या पोरी चुन्याच्या रेषेवर उभ्या राहिल्या, शिट्टी वाजली, त्या पळाल्या, आणि ती बुटांच्या नाड्या सोडत बसली. भंडाऱ्याला पोलीस भरतीची मैदानी चाचणी नऊ दिवसांवर आली होती. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत काढले की पूर्ण गुण. महिन्यापूर्वी ती दोन अठ्ठेचाळीसमध्ये काढत होती. आता किती लागतील ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी तिला पळूच देत नव्हतं.

मोबाइलवर हा आकडा दाखवणारं तिच्या मनगटावरचं घड्याळ पुण्याला असलेल्या मावसभावानं, सुगतनं पाठवलं होतं. त्याचं जुनं. तीन आठवड्यांपूर्वी ते आलं तेव्हा सैन्यातून परतलेले निकेश सर तिच्यापेक्षा जास्त हरखले. हृदय काही घड्याळासारखं टिकटिकत नाही, त्यांनी साऱ्या पोरींना समजावलं. दोन ठोक्यांमधलं अंतर जरा मागेपुढे होतं. शरीर ताजं असलं की हा फरक जास्त, शिणलेलं असलं की कमी; आकडा त्याचाच.

"पळताना हात हलते, तवा हे काहीबाही सांगते. त्याच्यावर जाऊ नका. सकाळी जो आकडा येते, तोच खरा."

पहिले चार दिवस आकडा सत्तरच्या घरात होता. पाचव्या दिवशी एकतीस. मग बावीस, एकोणीस. सरांनी आधी तिचा वेग कमी केला, मग फेऱ्या, मग पळणंच बंद केलं. माणूस वाईट नव्हता. त्यांची एक पोरगी मागच्या वर्षी ऐन चाचणीत चक्कर येऊन पडली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

"सर, मले थकल्यासारखं वाटतच नाही," दीपमालानं सुरुवातीला सांगून पाहिलं.

"तुले नाही वाटत. हृदयाले वाटते."

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण कुणी आरसाच हातात बांधून दिला तर काकणावर कोण विश्वास ठेवणार? हळूहळू तिला खरंच थकल्यासारखं वाटू लागलं. पाण्याची घागर आणताना पोटऱ्या जड व्हायच्या. आठशे मीटर हे कुणा दुसऱ्याच मुलीचं काम वाटायचं.

मैदानापलीकडे, तलावाच्या मातीच्या पाळीवर तिचे बाबा, परसराम, सायकल आडवी टाकून बसले होते. ते राइस मिलमध्ये धानाची पोती उचलायचे. रोज पहाटे लेकीला मैदानावर आणायचं, सराव संपला की घरी सोडायचं आणि मग कामावर जायचं. पूर्वी ती पळायची तेव्हा ते कडेकडेनं ओरडत फिरायचे. हल्ली पाळीचा चढ आला की उतरून सायकल ढकलत. "गॅस झाला," म्हणत. इथे आले की बसून राहत. आपण पळतच नाही तर त्यांनी ओरडायचं तरी कशाला, असं दीपमालाला वाटायचं.

सरांनी काहीतरी आठवून पुन्हा मोबाइल मागितला. "झोपेचं मीनं पाह्यलंच नाही." त्यांनी पडदा सरकवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रातभर जागते काय वं तू? चार चार खेपा उठून राहिली. मंग आकडा खालीच जाईन!"

"झोपेचा काय संबंध, सर? आकडा तं सकाळचा असते."

"सकाळी दाखवते. मोजते रातभर, झोपेत."

"पण रातच्याले घड्याळ माया हातात नसते," दीपमाला म्हणाली. "बाबा घालते. चारचा गजर लावते त्याच्यात. मोबाइल वाजला तं माई झोप मोडते, हे नुसतं थरथरते. मले उठवते अन् मंग माया हातात बांधून देते."

"कवापासून?"

"पहिले चार दिवस मीच घालून झोपली. मंग बाबा म्हणे, तू झोप पुरी घे."

सरांचं बोट पडद्यावर मागे मागे गेलं. चौदा, सोळा, एकोणीस, बावीस, एकतीस. मग थांबलं. "घड्याळ काही डॉक्टर नोहे," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि मोटारसायकलच्या चावीसाठी खिसे चाचपू लागले.

दीपमालानं पाळीकडे पाहिलं. बाबा एका हातानं छाती चोळत होते. ती आपल्याकडे बघतेय असं दिसताच त्यांनी दुसरा हात वर करून खूण केली : पळ.

ती त्यांच्याकडेच पळाली. नाड्या सुटलेल्याच होत्या, एक बूट मध्येच निघून पडला. कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती.

सतरा दिवस घड्याळ बाबांना आराम करायला सांगत होतं. तो घेतला मात्र तिनं.