आदाम सफरचंद खात नाही

आमच्या चर्चच्या नाटकात आदामाने सफरचंद नाकारलं आणि मानवजात वाचली. पण असं काही घडलंच नाही, नाटक ठरल्याप्रमाणे झालं, असं फादर सांगतात.

तर ठरल्याप्रमाणे एवाने सफरचंद पुढे केलं, तोच पहिल्या रांगेतून नतालीन आजी ओरडली, "लॅन्सन, खाऊ नको रे! सगळ्यांना भोवेल!"

आदाम झालेला लॅन्सन तिचा नातू. त्याने फळ खाली ठेवलं. मंडपात शिट्ट्या, टाळ्या! लोक खुर्च्यांवर चढले, आज्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. साप कपडे बदलायला गेला.

विंगेत येशूच्या वेशात मी. या भूमिकेसाठी वाढवलेल्या दाढीपायी माझं जमलेलं लग्न मोडलं होतं. आता मी तारायचं कुणाला?

"खा म्हणतो ना! पाप कर लवकर!" फादर पडद्याआडून ओरडले.

"आजी मारेल, फादर."

शेवटी मीच पडदा सारून पुढे झालो. "आजी, खाऊ दे त्याला. मागून मी येतोय ना!"

आजीने मला दाढीसकट न्याहाळलं. "नक्की येशील?"

"नक्की."

"मग खा रे, बाळा." ती डोळे पुसत खाली बसली. लॅन्सनने असा चावा घेतला की मंडप पहिल्यापेक्षा मोठ्याने गर्जला.

तरी पुढील वर्षी आदामाला वेळेवर पाप करू द्यावे, ही पहिल्या रांगेतील समस्त आज्यांना नम्र विनंती.