न हलणारा व्हॉल्व्ह

दौंडच्या फिशटँकच्या दुकानात एबनेझर तासभर नीडल व्हॉल्व्ह निवडत होते. टाकीतल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड मोजून सोडणारा, बोटाएवढा व्हॉल्व्ह. एक फिरवायचे, बुडबुडे मोजायचे, घड्याळ बघायचे, दुसरा मागायचे. मध्येच बाहेर जाऊन गाडीचं हँडल लॉक ओढून बघायचे.

अखेर एक पितळी व्हॉल्व्ह त्यांना पटला. "एकदा सेट केला की वर्षभर हलायचा न्हाई," म्हणाले, आणि चौथ्यांदा लॉक बघायला गेले.

त्यांच्या बायकोनं, दयाबाईंनी, तो बाजूला सारून साधा व्हॉल्व्ह पुढं ओढला. "ह्यो द्या."

दुकानदार गडबडला. "मावशी, हा सारखा हलतो. दर तासाला उठून बघावं लागतं, न्हाईतर गॅस वाढून मासे मरत्यात."

"दर तासाला?"

"व्हय."

दयाबाईंनी बाहेर पाहिलं. कुरकुंभच्या कंपनीत तेहतीस वर्षं दर तासाला मीटरचं रीडिंग लिहिलेला, दोन महिन्यांपूर्वी रिटायर झालेला माणूस उन्हात उभा राहून तेच लॉक पाचव्यांदा ओढत होता.

"मग ह्योच बांधा, दादा. उद्या सकाळी सातला ह्यांची फर्स्ट शिफ्ट."