चार रंगांची टोपी

इथल्या ट्रोम्सोच्या फ्योर्डमधला, म्हणजे खाडीतला, चिखल आम्हीच उपसला, त्यातला जिवाणू आम्हीच वाढवला. पण त्याच्या जनुकाची ए, टी, जी, सी अशी सहाशे अक्षरं दिसायची ती वाचून देणाऱ्या कंपनीच्याच वेबसाइटवर, आणि तिथून एक अक्षर कॉपी होईल तर शपथ! शुक्रवारी परवाना संपला की दिसणंही बंद. वर कंपनीचा माणूस, आयविंद, आठवडाभर आमच्या प्रयोगशाळेत तळ ठोकून.

"उतरवून घेणं, टाइप करणं, फोटो काढणं, सगळ्याला मनाई आहे. करार वाचा," तो रोज बजावायचा.

"वाचलाय, नीट वाचलाय," माझी सहकारी तोरुन म्हणाली आणि पिशवीतून सुया-लोकर काढून स्क्रीनसमोर विणत बसली. इथे मीटिंगमध्येही सुया चालू असतात, त्यामुळे त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

मी मात्र भडकलो. "अगं, तीन वर्षांची मेहनत पाण्यात चाललीय आणि तुला टोप्या सुचतायत?"

"ए लाल, टी पांढरा, जी हिरवा, सी निळा," ती पुटपुटली. "मध्ये बोलू नकोस रे, टाका चुकतो."

शुक्रवारी ती टोपी घालूनच निघाली. दारात आयविंदने तिला अडवलं.

"काय सुरेख नक्षी आहे हो! बायकोसाठी उतरवून घेऊ का?"



"खुशाल घ्या," तोरुन म्हणाली. "आमच्याकडे कॉपीला बंदी नाही."