नव्या भुतावर भिस्त

पडद्यावर भूत आलं आणि आवडाबाई खो खो हसल्या.

मनुबाई दचकली. भुताला बघून नव्हे, विहिणीच्या हसण्याने. कल्याणच्या थिएटरात दुपारच्या खेळाला तिनेच सगळ्यांना ओढून आणलं होतं. एका बाजूला नात जया, दुसऱ्या बाजूला जयाची होणारी सासू आवडाबाई, आणि मधे ती. पिक्चर भीतीदायक निघू दे म्हणून गावदेवीला नारळसुद्धा बोलली होती. आणि भूत काय, तर रबराची नखं, तोंडाला शेवाळाचा लेप, मागून ओल्या लाकडांचा असावा तसा धूर. पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती.

"अरे, हिला कोनीतरी कंगवा द्या रे!"

हा ज्याचा दुसरा भाग, त्या जुन्या पिक्चरला शिट्टी मारायची कोणाची छाती नव्हती. त्यात भूत दिसायचंच नाही. रिकामा मांडव, हळदीची वाटी आणि धवला म्हणणाऱ्या एका बाईचा आवाज, बस. तो आवाज मनुबाईचा. शूटिंगवाले डोंबिवलीला मोठागावच्या खाडीवर आले, तेव्हा "लग्नाचा सीन आहे, तुमचं लग्नातलं गाणं म्हणा" म्हणाले. तिने म्हटलं. लग्न मेलेल्या नवरीचं आहे, हे तिला सांगायचं कोणाला सुचलं नाही. आगऱ्यांमध्ये धवलारणीने धवला म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. पण पिक्चर लागला आणि लोक मनुबाईच्या दारावरून पुढे जाऊन दुसरी धवलारीण शोधू लागले. तिच्या आवाजाने म्हणे नवऱ्या दचकतात.

आता नातीच्या हळदीला तरी आपण गावं, एवढंच तिचं मागणं होतं. तर शहाडहून आवडाबाईंचा निरोप आला, त्या भुताच्या आवाजाची हळद माझ्या सुनेला नको. मुलाकडच्यांचं मन कोण मोडणार? घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या जयाने पाय आपटले. "आजीच गानार. नायतर मी हलद लावूनच घेनार नाय."

म्हणून हा खटाटोप. नवं भूत जुन्या भुताला खाईल, लोक याला घाबरतील, आणि आपण सुटू. मनुबाईने या नव्या भुतावर सगळी भिस्त ठेवली होती आणि मेलं ते मेंढरासारखं बें बें करत होतं.

"बघा, बघा, भिंतीतून आली!" तिने विहिणीचं कोपर धरलं. "मना तर बाय घामच फुटला."

"टोप सरकलाय तिचा," आवडाबाई म्हणाल्या आणि पुडीतले शेंगदाणे तोंडात टाकले.

मनुबाईला वाटलं, उठावं आणि पडदाच फाडावा. एवढे पैसे ओतता, एवढी माणसं राबवता, आणि एका बाईला घाबरवता येत नाही?

शेवटी नव्या पिक्चरातही मांडव आला. भूत नवरीसारखं नटून बसलं आणि बाजाच्या चालीवर धवला सुरू झाला. शब्द उलटसुलट, ताल नाचाचा. मनुबाईने तेही गिळलं. पण तेवढ्यात वीज कडाडली, हिरो त्रिशूळ घेऊन घुसला, आणि धवला मधेच तुटला.

हे मात्र तिला सोसेना. नवरीच्या कानावर धवला पडला की तो पुरा व्हायलाच हवा. अर्धा राहिला तर तिचा संसार अर्ध्यावर मोडतो, हे तिला तिच्या सासूने शिकवलेलं. आणि जिची हळद तोंडावर आलेली ती पोरगी शेजारीच बसली होती. पिक्चरवाल्यांचं काय जातंय? भोगायचं आमच्या पोरीने. मनुबाईने जयाचा हात हातात घेतला, डोळे मिटले, आणि उरलेला धवला अगदी हळू म्हणायला घेतला.

हळू म्हणजे तिच्या मते हळू. तो गळा उभ्या मांडवाला पुरणारा. शिट्ट्या थांबल्या. मागे कुठेतरी एक मूल रडायला लागलं. पुढचा एक शिट्टीवाला पाय वर घेऊन खुर्चीत गोळा झाला. पडद्यावर हाणामारी चालली होती, पण तिकडे कोणी बघेना. आवडाबाईंच्या हातातून शेंगदाणे सांडले.

"जाला पुरा," म्हणत मनुबाईने डोळे उघडले. तिला हायसं वाटलं.

बाहेर पडताना तीच पोरं पुढे चालली होती. "पिक्चर एकदम बकवास यार. जुन्याची सर नाय."

"पन ते लास्टचं गानं? जुनीच टेप लावली रे साल्यांनी. माजी तर फाटली."

रिक्षापाशी आवडाबाईंनी मनुबाईचे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गार पडले होते.

"मावशी, तुमच्या गल्याला तोड नाय. उगाच कशाला खोटा बोलू?" त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "हलदीला आमची गोदूबाय येल धवला बोलायला. तुमी निवांत या. पयल्या पंगतीला बसा."

मनुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण विहिणीला काय बोलणार? तिने जयाकडे पाहिलं. आता ही पाय आपटेल. आता म्हणेल, आजीच गाणार. जया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत रिक्षाकडे बघत राहिली.

"पोरी, तुज्यासाठी पुरा केला गो मी. तू पन घाबरलीस?"

"थोडीशी," जया म्हणाली.