परत येणारी लहर

बनुबाईंनी आधी आतल्या खोलीतला टीव्ही मोठा केला, मगच फोन उचलला. मुलगा नि सून पूजा तासगाव सोडून शिरवळला राहायला गेल्याला आठवडा होत आला. “जावा की. माजं काय अडत न्हाई,” असं त्यांनीच ठसक्यात सुनावलं होतं. आता घर रिकामं झाल्याचं बंगळूरच्या नातीला कळू द्यायचं नव्हतं.

फोनच्या पडद्यावर अंकिता प्रयोगशाळेत दिसत होती. तिच्या मागं उंच पांढरं पिंप दिसत होतं.

“त्यात काय गं, ताक घुसळतीस?”

“त्यात सेन्सर आहे, आजी. केसाहून कितीतरी बारीक. जवळचं चुंबकत्व इतकुसं बदललं तरी त्याला कळतं. पण भयंकर थंडीत ठेवावा लागतो, तेव्हाच त्यातनं वीज विनाअडथळा वाहते.”

“आन् त्याला कळलेलं तुला कसं कळतं?”

“मायक्रोवेव्ह लहर सोडायची. ती परत येते. गेली तशीच आली की बदलून आली, त्यावरनं आतलं समजतं.”

“पूजा भात गरम करती, त्याच लहरी? बर्फात पुरायचं आन् वर शेगडी लावायची. लय शिकलीस बाई.”

“अगं, अगदी मंद असते. त्याला धक्कासुद्धा लागत नाही.”

बनुबाईंनी आतल्या दाराकडं मान वळवली. “पूजे, दूध बघ गं, उतू जाईल.”

आत टीव्हीवरची सासू कुणावर तरी करवादली.

अंकिता फोनच्या जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “आजी, परवापासनं तू मामीला हाका मारतेस. मामी एकदाही ओ देत नाही.”

“घुमी हाय ती,” बनुबाई म्हणाल्या. पण शब्दाला नेहमीची धार चढली नाही.

“मी येऊ?”

“कशाला? तुजं पिंप कोण बघंल?” पदरानं त्यांनी फोनची काच पुसली. “फोन मातुर ठिवू नगंस. तुजं काम कर. बोलू बी नगंस.”

अंकितानं फोन पिंपाशेजारी ठेवला. थंडी राखणारं यंत्र एका लयीत फुसफुसत होतं, श्वास आत घेतल्यागत, बाहेर सोडल्यागत. बनुबाई टीव्ही बंद करून आल्या, ताट वाढून घेतलं, फोन तांब्याला टेकवून उभा केला. मग भाकरी मोडली, तीही हळूच, शेजारी कुणी निजलेलं असावं तशी.