गाण्याखालचा आवाज

पडद्यावर भूत जिना उतरू लागलं, तशी धाकटी खुर्चीच्या कडेला सरकली. भुताचं तिला काहीच वाटत नव्हतं. स्टुडिओच्या त्या छोट्या खोलीत शेजारच्या खुर्चीत आई बसली होती आणि आता गाणं सुरू होणार होतं.

गाणं धाकटीचंच. स्वतःच्या खोलीत, दाराच्या फटीत चादर कोंबून, एका गिटारवर ती गाणी करायची आणि नेटवर सोडून द्यायची. ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके. त्यातलाच एक हा दिग्दर्शक निघाला. कॅसेटचा जमाना संपल्यावर जन्मलेला, पण त्या जमान्यावर जीव टाकणारा. त्याचा भुताचा सिनेमाही तसाच होता, विटलेल्या रंगांचा, मधूनच थरथरणारा, पडद्यावर मुंग्या आलेला. गाणंही झिजलेलं वाटायला हवं, असा त्याचा हट्ट. कॉम्प्युटरवर केलेली खरखर त्याला खोटी वाटायची.

म्हणून धाकटीने आईच्या कपाटातून एक जुनी कॅसेट उचलली आणि जुन्याच रेकॉर्डरवर तिच्यात गाणं भरलं. कॅसेटवर काही लिहिलेलं नव्हतं, तेव्हा कोरीच असणार, असं ती धरून चालली. परत ऐकताना तिच्या पायाखालची जमीन सरकली. कॅसेटवर बाबा होते. रेकॉर्डर इतका म्हातारा झालेला की धड पुसतही नव्हता, म्हणून गाण्याच्या तळाशी त्यांचं एक वाक्य उरलं होतं. बाकी सगळं गेलं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नव्हता.

दिग्दर्शक ते वाक्य ऐकून आधी हरखला, भूत आपल्या पायांनी चालत आलं म्हणाला. आवाज कोणाचा ते कळल्यावर मात्र ओशाळला. आईला विचार, त्या नको म्हणाल्या तर काढून टाकू, असं त्याने सांगितलं. वाटेत सांगायचं, असं धाकटीने पक्कं ठरवलं होतं. पण लेकीचं गाणं सिनेमात ऐकायचं म्हणून आई ठेवणीतली साडी नेसून निघाली आणि धाकटीची जीभ काही उचलली नाही.

गाणं सुरू झालं. कुठल्यातरी लांबच्या खोलीतून यावं तसं येत राहिलं. जिन्यावरची आकृती थांबली. खोलीतला अंधार, पडद्याचा निळसर उजेड, खुर्च्या, माणसं, सगळंच हळूहळू पाण्यात उतरल्यासारखं झालं. आणि गाण्याच्या खालून एक पुरुष हलकेच म्हणाला, "ये ना जवळ. घाबरतेस कशाला?"

दिग्दर्शकाने हे अनेकदा ऐकलं होतं, तरी त्याने पाय वर घेतले.

आई दचकली नाही. आतल्या खोलीतून कोणी हाक मारल्यावर बघावं तशी तिने मान वर केली आणि तशीच राहिली. गाणं संपलं, पडदा काळा झाला. धाकटीला रडू फुटलं.

"आई, बाकीची कॅसेट माझ्या हातून पुसली गेली. एवढंच राहिलंय."

आई म्हणाली, "यांनी नवा रेकॉर्डर आणला होता. त्यात बोलायची मला लाज वाटत होती." तिने अंधारातच धाकटीचा हात शोधून धरला. "बाकी काय, मी नुसती हसत होते."

ते खरं होतं की आई तिला सांभाळून घेत होती, हे धाकटीला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

आवाज काढून टाकायचा का, असं दिग्दर्शकाने चाचरत विचारलं. आवाजाचं काम बघणारा माणूस दिवा लावायला उठला.

"दिवा राहू द्या जरा," आई म्हणाली. "भुताचा सिनेमा लागला की हे उठून बाहेर जायचे. आत्ता कुठे बसलेत."