रेघेची जाडी

“प्रश्न चौथा. पृथ्वीच्या अंतरंगाची रचना नामनिर्देशित आकृतीसह स्पष्ट करा,” धाकट्या जावेने वाचून दाखवले आणि आवाज खाली आणला. “खाली बारीक अक्षरांत आहे, जाऊबाई : दृष्टिहीन परीक्षार्थींना आकृतीतून सूट. तुम्ही चार ओळी सांगा, मी लिहून मोकळी होते.”

“सूट नको. उत्तरपत्रिका इकडे सरकव.”

शाळेच्या प्रयोगशाळेत तिघेच होते : परीक्षार्थी, तिच्यासाठी लिहिणारी जाऊ आणि पर्यवेक्षक. भिंतीवरचा पृथ्वीचा तक्ता नियमाप्रमाणे वर्तमानपत्राने झाकलेला होता. जिला दिसत नव्हते तिच्यापासूनही.

पर्यवेक्षक उठून आले. “बाई, सूट तुमच्या सोयीसाठीच आहे. दिसत नसताना आकृती काढणार कशी?”

“आतलं कुणाला दिसलंय, सर? जमीन हादरली, हादरे कुठवर पोचले, कुठे अडले, ते माणसांनी चाचपलं. साऱ्या जगानं चाचपूनच काढलेली आकृती आहे ही. सूट द्यायची तर सगळ्यांना द्या.”

“हे भाषण पेपरात लिहा. निदान एखादा मार्क मिळेल.”

तिने रुमालाची घडी कागदाखाली सरकवली, केसांतला आकडा काढून कागदाच्या मधोमध रोवला आणि पर्समधून एक दोरा काढला. दोऱ्याला तीन गाठी होत्या.

“थांबा! या गाठी मापाच्या आहेत? म्हणजे घरून लिहून आणल्यासारखंच की. कॉपी आहे ही.” पर्यवेक्षकांनी दोरा उचलला आणि गैरप्रकाराचा छापील अर्ज पुढे ओढला. “नोंद केली तर अख्खा पेपर बाद होतो, ठाऊक आहे ना?”

“अहो, राहू द्या ना जाऊबाई,” धाकटी कळवळली. “तीन वर्षं राबलात या परीक्षेसाठी. पाच मार्कांपायी सगळं घालवाल, आणि घरी गेल्यावर सासूबाई मलाच बोलतील.”

“तुला त्या तशाही बोलतात.”

तिने कागदाखालच्या रुमालाची कड चाचपली, काठाचा एक धागा उसवला आणि तो तर्जनीवर ताणून धरला. अर्धे पेर, गाठ. दीड पेर, गाठ. अडीच पेरांच्या जरा पुढे, शेवटची गाठ. मग धाग्याचे टोक आकड्याला बांधून तिने एकेका गाठीपाशी पेन धरले आणि दाबून फिरवले. कागद कुरकुरला. एकात एक अशी तीन वर्तुळे उमटली. तिने सांगितली तशी जावेने नावे घातली : घन गाभा, द्रव गाभा, प्रावरण.

पर्यवेक्षक एरवी भूगोल शिकवत. त्यांना राहवले नाही.

“कवच राहिलं.”

“राहिलं नाही, सर. बाहेरची रेघ आहे ना, तिची जाडी म्हणजे कवच. या मापाला त्याहून जास्त निघतच नाही. डोंगर, समुद्र, ही शाळा, तुमचा तो अर्ज, सगळं त्या रेघेत.”

जावेने बाहेरच्या रेघेला बाण काढला आणि लिहिले : भूकवच.

भिंतीवरच्या वर्तमानपत्राचा एक कोपरा सुटला होता. त्याखाली तक्त्यावरचे कवच बोटभर जाड दिसत होते, तपकिरी, अभेद्य. पर्यवेक्षकांनी त्याच्याकडे पाहिले. मग त्यांनी आकृतीचे पान उलटले. मागच्या बाजूला रेघा उठून आल्या होत्या. त्यांचा अंगठा आतल्या वर्तुळावरून बाहेर सरकत गेला आणि शेवटच्या उंचवट्यावर थांबला.

“तरी दोऱ्याची नोंद मला करावीच लागेल,” अखेर ते म्हणाले.

“करा ना. दोरा जप्त करा.” तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि दहाही बोटे पसरली. “आणि मापं बोटांत सापडली, हेही लिहा.”